उभं कुठे राहायचं

१२ जून २०२१, शनिवार. रात्री साडेनऊला कोपनहेगनच्या पारकेन स्टेडियमवर डेन्मार्क आणि फिनलंडची मॅच सुरू झाली, तेव्हा पुण्यातल्या घरात मी टीव्हीसमोर एकटा होतो. युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, किंवा वर्ल्डकप म्हटलं की कोल्हापूरहून दादाचा फोन ठरलेला. फोन स्पीकरवर टाकायचा आणि दोन गावांत बसून एकच मॅच बघायची, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. त्याच्याकडचं चित्र माझ्यापेक्षा दोन सेकंद पुढे असायचं. माझ्या पडद्यावर फॉरवर्ड अजून चेंडू सावरत असायचा आणि फोनमधून दादाची आरोळी यायची. त्या दोन सेकंदांवर मी कितीदा वैतागलो असेन. दादा एप्रिलमध्ये गेला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. ५२ वर्षांचा होता.

मध्यंतराला दोन-तीन मिनिटं राहिली होती. डेन्मार्कचा थ्रो-इन होता. क्रिस्टियन एरिक्सन फेकलेला चेंडू पायात घ्यायला रेषेकडे आला आणि सरळ पुढे कोसळला. कुणाचा धक्का नाही, पायात पाय नाही. पडताना माणसाचे हात आपोआप पुढे येतात, तसे त्याचे आले नाहीत. मैदानावर काही वर्षं काढलेल्या माणसाला अशा पडण्यातला फरक पोटात कळतो. मी उठून उभा राहिलो.

मागून एक उंच, दाढीवाला माणूस धावत आला. सिमॉन केअर, डेन्मार्कचा कप्तान.

त्या रात्रीकडे मी परत येणारच आहे. त्याआधी हा माणूस आमच्या घरात कसा आला ते सांगतो.

दादा फॉरवर्ड होता आणि मी बॅक, म्हणजे बचावफळीतला. शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याला दुपारपासूनच गॅलऱ्या भरायला लागतात, तालमीतालमीची पोरं घसा सुकेपर्यंत ओरडतात, आणि गोल मारणाऱ्याला संध्याकाळी पेठेतून खांद्यावर घेऊन फिरवतात. दादाला असं दोनदा फिरवलेलं मी पाहिलंय. मी त्याच संघात मागे स्टॉपर असायचो. आम्हाला शिकवणारे मामा सरावात एक विचित्र गोष्ट करायला लावायचे. चेंडू उचलून बाजूला ठेवायचे आणि स्वतः मैदानभर फिरायचे. जिथे थांबतील तिथे चेंडू आहे असं आम्ही समजायचं आणि चौघा बॅकनी आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं. कुणाची जागा चुकली की त्याच्या खऱ्या जागेवर चुन्याने गोल काढून त्यात त्याला दहा मिनिटं उभं करायचे. ‘उभं कुठं ऱ्हायाचं ते कळलं की निम्मं पळणं वाचतंय,’ म्हणायचे. मला ते शब्द पाठ होते. ते मैदानावर कसे दिसतात ते मात्र खूप उशिरा, केअरला बघताना कळलं.

दादा इटलीच्या एसी मिलान क्लबचा भक्त. स्वतः फॉरवर्ड, पण त्याच्या ट्रंकेत झाकणाच्या आतून चिकटवलेला फोटो मिलानच्या बॅकचा, माल्दिनीचा होता. जानेवारी २०२०मध्ये त्याचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. मिलानची अवस्था वाईट होती. २२ डिसेंबरला बेर्गामोत तिथल्या अटलांटा क्लबाने त्यांचा ५-० असा धुव्वा उडवला होता.

‘आणि आता त्याच अटलांटाच्या बाकावरचा एक बॅक उसना आणलाय,’ दादा म्हणाला. ‘तीस वर्षांचा. तिथं त्याला कोण खेळवत नव्हतं.’ मग थोडं थांबून, ‘पण माल्दिनी बसलाय तिथं. त्यानं काय तरी बघितलंच असणार.’

पाओलो माल्दिनी तेव्हा मिलानचा तांत्रिक संचालक होता. त्याने काय बघितलं असेल ते शोधायला म्हणून मी केअरच्या मागे लागलो.

डेन्मार्कच्या नकाशात डावीकडे जो मोठा द्वीपकल्प दिसतो, जर्मनीला चिकटलेला, त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हॉर्सेन्स नावाचं गाव आहे. केअरचा जन्म तिथला, २६ मार्च १९८९चा. गावाबाहेरच्या लुंड या छोट्या वस्तीच्या क्लबात तो खेळायला लागला. त्याच्या आडनावाचा डॅनिश उच्चार आपल्या कानाला ‘केअर’ असाच येतो. त्याचा एक अर्थ पाणथळ, दलदलीची जमीन. तिकडची पुष्कळ आडनावं अशी जमिनीवरून पडलेली आहेत, आपल्याकडे गावावरून पडतात तशी. आणि याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘प्रिय’. पत्राच्या सुरुवातीला डॅनिश माणूस जो शब्द लिहितो, तोच.

द्वीपकल्पाच्या मध्यभागी हर्निंग आणि इकास्ट ही दोन गावं आहेत. १९९९मध्ये तिथल्या दोन क्लबांनी एकत्र येऊन एफसी मिट्युलन हा नवा क्लब काढला आणि २००४मध्ये पोरांसाठी निवासी अकादमी सुरू केली. डेन्मार्कमध्ये तेव्हा असं काही नव्हतं. १५ वर्षांचा केअर अगदी सुरुवातीच्या पोरांत तिथे दाखल झाला. त्याचे वडील त्याच क्लबात कपडे आणि साहित्य सांभाळायच्या कामाला होते. पोराला जागा मिळाली त्यात या नात्याचाही हात होता असं बोललं जातं. अकादमीच्या सुरुवातीच्या काळात तिथे असलेल्या रास्मुस आंकरसनने पुढे एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर किती जणांना सांगितली असेल त्याचा हिशेब नाही. अकादमी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी सगळ्या प्रशिक्षकांना एक प्रश्न विचारला गेला: या पोरांपैकी सगळ्यात पुढे कोण जाईल? प्रत्येकाने पाच नावं कागदावर लिहून द्यायची. काही वर्षांनी, केअरला इटलीचा क्लब घेऊन गेल्यावर, ते कागद पुन्हा पाहिले. एकाही कागदावर केअरचं नाव नव्हतं.

ही गोष्ट सांगितली की लोक लगेच प्रशिक्षकांना हसतात. मला तसं वाटत नाही. ती माणसं जाणकार होती आणि पोरांना रोज बघत होती. पण १५ वर्षांच्या पोरात डोळ्याला काय दिसतं? पळण्याचा वेग, चेंडूवरचा ताबा, उडी, ताकद. योग्य वेळी योग्य जागी असणं हा गुण मैदानाच्या कडेने दिसतच नाही. कारण जो आधीच जागेवर आहे तो काही करताना दिसत नाही. चेंडू त्याच्याकडे येतो, तो परत पाठवतो, संपलं. बघणाऱ्याला वाटतं, सोपा चेंडू होता. आमचे मामा चेंडू बाजूला का ठेवायचे ते मला ही गोष्ट वाचल्यावर उमगलं. चेंडू असला की सगळ्यांची नजर तिकडे जाते आणि उभं राहणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही.

२००८मध्ये सिसिली बेटावरच्या पालेर्मोने त्याला घेतलं. १९ वर्षांचा डॅनिश पोरगा, गुलाबी जर्सी, आणि बचावाचं वेड असलेला देश. तिथे तो दोन मोसमांत घडला. २००९-१०मध्ये पालेर्मो इटलीच्या लीगमध्ये पाचवा आला आणि त्या संघात तो पक्का होता. त्याआधी, ६ जून २००९ला, स्वीडनमध्ये स्वीडनविरुद्ध, वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत त्याने डेन्मार्ककडून पहिला सामना खेळला. शेजारी आणि जुना वैरी, परक्याचं मैदान, आणि २० वर्षांच्या नवख्याला मधोमध उभं केलेलं. डेन्मार्क १-० जिंकलं.

त्यानंतरची दहा वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती तशीच गेली. जर्मनीत वोल्फ्सबुर्ग, जिथे पहिल्याच मोसमात एकामागून एक तीन प्रशिक्षक आले आणि संघ खालच्या लीगमध्ये घसरता घसरता जेमतेम वाचला. मग उसनवारीवर रोमा. लात्सिओविरुद्धच्या पहिल्याच डर्बीत लाल कार्ड. पुन्हा वोल्फ्सबुर्ग. २०१३मध्ये फ्रान्समधलं लील, तिथली दोन वर्षं चांगली. मग इस्तंबूलचा फेनरबाहचे, मग स्पेनमध्ये सेविया, मग अटलांटा. दर दोन वर्षांनी नवी भाषा, नवं घर, नवा जोडीदार. बॅकला हे फार जड जातं. फॉरवर्ड कुठेही गेला तरी गोल तोच असतो. बॅकचं सगळं शेजाऱ्यावर चालतं. शेजारचा बॅक कधी पुढे जाणार, कधी मागे राहणार, गोलकीपर कोणत्या चेंडूला बाहेर येणार, हे बोलून ठरत नाही. ते मोसमामागून मोसम एकत्र उभं राहून अंगात मुरतं, आणि मुरायच्या आत याला बॅग भरावी लागत होती.

या सगळ्या काळात एकच संघ कायम राहिला, डेन्मार्कचा. २०१६मध्ये डॅनियल आगर निवृत्त झाल्यावर कप्तानपद केअरकडे आलं. २०१८च्या वर्ल्डकपमध्ये क्रोएशियाविरुद्ध मॅच पेनल्टीवर गेली. डेन्मार्कची पहिली किक एरिक्सनने घेतली आणि ती अडवली गेली. दुसरी घ्यायला केअर आला. दोस्ताची किक नुकतीच वाया गेलेली, सगळा देश श्वास रोखून बसलेला, आणि हा शांतपणे वरच्या कोपऱ्याकडे चेंडू मारून परत चालत गेला. डेन्मार्क ती मॅच हरलं. दादा तेव्हा फोनवर म्हणाला होता, ‘हा बॅक आहे होय? फॉरवर्डांची छाती नाही एवढी.’ नाव मात्र तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

आता मिलान. बेर्गामोत त्याचं का जमलं नाही हे आधी सांगायला हवं. अटलांटाचे तेव्हाचे प्रशिक्षक गास्पेरिनी यांची पद्धत माणसाला माणूस धरायची. ज्याला धरायचं त्याच्या मागे मैदानभर जायचं, तो आपली जागा सोडायला लावेल तिथे सोडायची. ती पद्धत त्यांच्या संघाला शोभायचीच. पण केअरचा पिंड वेगळा होता. तो जागा धरतो. समोरचा फॉरवर्ड कुठे जाणार ते ओळखून आधीच तिथे असतो. त्याचा वेग कधीच मोठा नव्हता आणि तिशीत तर आणखी उतरला होता. त्याला माणसाच्या मागे पळायला लावणं म्हणजे त्याच्याजवळ जे होतं ते बाजूला ठेवून जे नव्हतं ते मागणं.

मिलानमध्ये प्रशिक्षक पिओलींनी त्याला त्याची जागा दिली. त्याच महिन्यात ३८ वर्षांचा फॉरवर्ड इब्राहिमोविचही मिलानमध्ये परत आला होता. या दोघांच्या मध्ये आणि आजूबाजूला सगळी विशी-बाविशीची पोरं. काही आठवड्यांतच बचाव सावरला. मी आता चेंडू सोडून केअरकडेच बघायला लागलो होतो. टीव्हीवर ते सोपं नसतं, कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. पण चौकटीत असेल तेवढा वेळ दिसायचं की त्याचे हात सतत चालू आहेत. डावीकडच्याला दोन पावलं पुढे, उजवीकडच्याला मागे, मधल्या पोराला ‘वळून बघ’. स्वतः अंग अर्धवट वळवून उभा, म्हणजे चेंडूही दिसेल आणि माणूसही. आणि चेंडू पायात आला की मान वर, आणि चाळीस मीटरवर दुसऱ्या कडेच्या विंगरच्या पायात अचूक. मी दादाला फोनवर सांगायचो, आता बघ, तो हात करणार, आता बघ, तो मागे सरकणार. दादा आयुष्यभर गोलाकडे बघत आलेला माणूस. टाळेबंदीच्या त्या वर्षात मी त्याला बॅक कसा बघायचा ते शिकवलं. आमच्या दोघांच्या आयुष्यात मी त्याला शिकवलेली ही एकच गोष्ट असेल.

११ मार्च २०२१ला युरोपा लीगमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी सामना होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मिलान ०-१ने मागे, भरपाईची शेवटची मिनिटं चालू, कॉर्नर. माझ्या पडद्यावर अजून कॉर्नरची किक बसायची होती आणि फोनमधून दादा ओरडला. इतक्या मोठ्यांदा, की पाठोपाठ वहिनींचं ‘अहो, पोरं झोपलीत’ ऐकू आलं. दोन सेकंदांनी मी पाहिलं: केअर वर उठला, डोकं लावलं, गोलकीपरच्या हाताला लागून चेंडू आत. १-१. मिलानकडून त्याचा पहिला गोल. ‘अरं, तुझ्या बॅकनं मारला,’ दादा म्हणत राहिला, ‘तुझ्या बॅकनं!’

दादाची मी ऐकलेली ती शेवटची आरोळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याला ताप आला.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा तो दवाखान्यात आत आणि आम्ही फाटकाबाहेर. अठरा दिवस. शेवटी त्याला आणलं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून. निळे पोशाख घातलेली चार अनोळखी माणसं होती. त्यांनी सगळं फार अदबीने केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आम्हाला दोरीच्या अलीकडे उभं केलं होतं. ज्याच्याभोवती आयुष्यभर माणसांचा गराडा असायचा, त्याच्याजवळ शेवटी घरचं कुणीच नव्हतं.

त्यानंतर सात आठवड्यांनी १२ जून आला.

केअर पोचला तेव्हा एरिक्सन जमिनीवर होता. पुढे संघाचे डॉक्टर मॉर्टन बोसेन यांनी सांगितलं, की ते धावत पोचले तेव्हा एरिक्सन कुशीवर होता, श्वास चालू होता, नाडी लागत होती. मग क्षणात ते बदललं आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी लागली. बेशुद्ध माणूस उताणा राहिला तर जीभ मागे पडून श्वासाची वाट बंद होऊ शकते, म्हणून श्वास चालू असेपर्यंत त्याला कुशीवर ठेवायचं असतं. त्या पहिल्या काही सेकंदांत केअर तिथे होता. नंतर वैद्यकीय पथकाने काम ताब्यात घेतलं तेव्हा तो उठून बाजूला झाला, आणि त्याने सोबत्यांना कडं करायला लावलं.

ते कडं मी आयुष्यभर विसरणार नाही. डेन्मार्कचे खेळाडू खांद्याला खांदा लावून गोल उभे राहिले. आत त्यांचा दोस्त जमिनीवर, त्याच्या छातीवर दाब देणारे हात. बाहेर हजारो प्रेक्षक आणि जगभरचे कॅमेरे. खेळाडूंची तोंडं बाहेरच्या बाजूला होती. त्यांना आत बघायचंच नव्हतं, बघवत नव्हतं. कुणी डोळे मिटलेले, कुणाच्या गालावरून पाणी वाहतंय, कुणाचे ओठ हलताहेत. पण कड्यात फट नव्हती. टीव्हीवाल्यांना जेवढं दाखवता येत होतं तेवढं ते दाखवत राहिले, आणि ते बहुतेक सगळं पाठमोऱ्या नाही तर रडणाऱ्या खेळाडूंचं होतं. आतला माणूस झाकलेला राहिला.

मी जमिनीवर बसलो होतो. दादा गेल्यावर मी रडलो नव्हतो. कामं होती, वहिनी होत्या, पोरं होती. त्या रात्री पारकेनवरच्या अनोळखी माणसांच्या त्या कड्याकडे बघून बांध फुटला. आम्हाला जे करता आलं नव्हतं ते कुणीतरी करत होतं.

मग एरिक्सनची जोडीदार मैदानात उतरली. केअर आणि गोलकीपर कॅस्पर श्मायकेल तिच्याकडे गेले. केअरने तिला मिठीत घेतलं. तिने काय बघावं आणि काय बघू नये हेही त्याला कळलं होतं असं मला वाटलं. तो तिच्यासमोर अशा बेताने उभा होता, की तिची नजर थेट आत जाऊ नये.

डीफिब्रिलेटरचा एकच झटका दिला आणि हृदय परत सुरू झालं. एरिक्सनला बाहेर नेताना आडोशाला पांढऱ्या चादरी होत्या आणि फिनलंडच्या प्रेक्षकांनी दिलेला निळ्या फुलीचा झेंडाही. राष्ट्रीय रुग्णालय स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर आहे. तो शुद्धीवर आहे अशी बातमी आली तेव्हा फिनलंडचे प्रेक्षक ‘क्रिस्टियन’ म्हणायला लागले आणि समोरून डॅनिश प्रेक्षक ‘एरिक्सन’. किती तरी वेळ.

सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले होते. त्याच रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी, असे दोनच पर्याय संघापुढे ठेवले गेले होते. मला आजही तो प्रकार निर्दयी वाटतो. फिनलंड १-० जिंकलं. पण त्याआधी, ६३व्या मिनिटाला, केअर स्वतःहून बाहेर गेला. प्रशिक्षक कॅस्पर युलमान यांनी नंतर सांगितलं की तो आतून हलला होता, खेळणं शक्यच नव्हतं. सगळ्यांना जागेवर उभं करून झाल्यावर त्याला स्वतःला उभं राहता येईना. त्याच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात जवळचा क्षण विचाराल तर तो हा आहे. बाकीचे त्याला वीर म्हणत होते. त्याने आर्मबँड काढला आणि तो बाकावर जाऊन बसला.

ऑगस्टमध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, त्याला आणि त्या वैद्यकीय पथकाला मिळून अध्यक्षांचा पुरस्कार दिला, हे मला फार योग्य वाटलं. त्याच पावसाळ्यात मी एका शिबिरात जाऊन सीपीआर शिकलो. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. दोन मिनिटांत हात भरून येतात. शिकवणारी डॉक्टर म्हणाली, बाकीच्यांनी गर्दी हटवायची, वारा सोडायचा, आडोसा करायचा. मी मान हलवली.

त्या स्पर्धेत डेन्मार्क पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेलं. बेल्जियमशी हरून, मग रशियाला ४-१, वेल्सला ४-०, चेक संघाला २-१. वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध ३०व्या मिनिटाला डॅम्सगोरच्या फ्री किकवर ते पुढेही होते. नऊ मिनिटांनी साकाने उजवीकडून चेंडू आडवा टाकला. मागे स्टर्लिंग मोकळा उभा. केअर पुढे झेपावला आणि चेंडू त्याला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला. स्कोअरबोर्डवर स्वयंगोल म्हणून त्याचं नाव आलं. ती क्लिप मी अनेकदा पाहिलीय. तो गेला नसता तर चेंडू स्टर्लिंगच्या पायात होता, गोल उघडा होता. तो गेला म्हणून फक्त नाव बदललं. बॅकने तिथे जायलाच हवं आणि तो गेला. शाहू स्टेडियमवर असा एक गोल माझ्या नावावर आहे. घरी आल्यावर दादाने मला एवढंच विचारलं होतं, ‘मागं माणूस होता न्हवं?’ होता म्हटल्यावर तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी बॅलन डी’ओरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या, यादीत केअर अठरावा आला. दोनच दिवसांनी, १ डिसेंबरला, जेनोआविरुद्ध सुरुवातीच्या काही मिनिटांतच त्याचा गुडघा गेला. लिगामेंट फाटले, मोसम संपला. ३२व्या वर्षी हे दुखणं म्हणजे पुष्कळदा कारकीर्दच संपते. मे २०२२मध्ये मिलान अकरा वर्षांनी लीग जिंकलं, तेव्हा खेळणाऱ्यांत तो नव्हता. मैदानावर टोमोरी आणि कालुलू ही पोरं होती. त्या रात्री मी दादाच्या ट्रंकेतला माल्दिनीचा फोटो काढून पुसला आणि परत लावला.

त्याच वसंतात आणखी एक गोष्ट घडली. छातीत यंत्र बसवून एरिक्सन खेळात परतला होता, आणि २९ मार्च २०२२ला सर्बियाविरुद्ध तो पुन्हा पारकेनवर उतरला. केअर जखमी, म्हणून कप्तानाची पट्टी त्या दिवशी एरिक्सनच्या दंडावर होती. त्याने गोलही मारला.

केअरही परतला. २०२३मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत जाणाऱ्या मिलानकडून तो खेळला, डेन्मार्ककडून पीटर श्मायकेलचा १२९ सामन्यांचा विक्रम त्याने मागे टाकला. मे २०२४मध्ये सान सिरोने त्याला निरोप दिला. जानेवारी २०२५मध्ये, ३५व्या वर्षी, त्याने खेळ थांबवला. डेन्मार्ककडून १३२ सामने.

त्यातला शेवटचा उन्हाळा राहिला सांगायचा. २०२४च्या युरोला तो संघात होता, पण एक मिनिटही खेळला नाही. १६ जूनला एरिक्सनने स्लोव्हेनियाविरुद्ध गोल मारला, पारकेनवरच्या त्या संध्याकाळनंतर ११०० दिवसांनी. आणि २५ जूनला म्युनिकमध्ये, सर्बियाविरुद्ध, एरिक्सन आपला १३३वा सामना खेळायला उतरला. केअरचा विक्रम त्या क्षणी एरिक्सनचा झाला. केअर तेव्हा बाकावरच्या खेळाडूंत होता.

आपल्याकडे रात्रीचा साडेबाराचा सुमार. फोन स्पीकरवर होता, पलीकडे कोल्हापुरात दादाचा धाकटा. आता तोही खेळतो, पेठेतल्या पोरांच्या संघात, आणि त्याला मागे उभं केलंय.

‘काका, तो केअर आत येणार का?’ त्याने विचारलं.

‘आज नाही वाटत.’

‘मग त्याच्याकडं कशाला बघायचं?’

‘तू चेंडू सोड,’ मी म्हटलं, ‘त्याच्या जागी कोण उभा आहे तो बघ. हात बघ त्याचे.’

तो गप्प झाला. गोल कुणाचाच झाला नाही. खूप वेळाने फोनमधून शेवटची शिट्टी ऐकू आली. माझ्या पडद्यावर एरिक्सन अजून पळत होता.